रकान्यातली मशेरी

वयनी, तो काटा नव्हता.

हे तुला सांगायची गरज नाही, ठाऊक आहे मला. पण काल तुझं तेरावं झालं, पाहुणे आपापल्या वाटेला लागले, सुहास सईला घेऊन मुलुंडला आमच्या घरी गेला, मी दादांपाशी थांबले. आज दुपारी दादांचा डोळा लागला म्हणून मी तुझ्या स्वयंपाकघरात आवाज न करता भांडी लावत होते, तेव्हा मांदेली तळायचा तुझा लहान तवा हाताला लागला आणि हातातलं काम हातातच राहिलं. "घशात उजवीकडे मांदेलीचा काटा अडकलाय गो, गिळताना टोचतो," असं तू पहिल्यांदा म्हणालीस ती दुपार आठवली. आपल्या घरात घशात काही टोचलं तर तो काटाच असतो, दुसरं काही असायची मुभाच नाही. दोन महिने तू कोरड्या भाताचे गोळे न चावता गिळलेस, केळी गिळलीस, दादांनी तुझ्या पाठीत बुक्के घातले. मांदेली काट्यासकट चावून खातात, तिचा काटा दोन महिने टिकेल कसा, हा प्रश्न एवढ्या मासेखाऊ कुटुंबात एकालाही पडला नाही. मानेवर गाठ दिसायला लागली तेव्हा तूच हसून म्हणालीस, "काटा आता बाहेरच्या बाजूनं निघायचं बघतोय."

आणि मी, जिचं अर्धं आयुष्य हॉस्पिटलच्या लॅबमध्ये माणसांच्या गाठींचे तुकडे कापण्यात गेलं, ती मीही हसले. दुखत नाही म्हणतेयस, मग काही नसेल, असं वर तुला सांगितलं. न दुखणाऱ्या गाठीचीच जास्त काळजी करायची असते, हे मी शेजारपाजाऱ्यांना सांगत फिरायचे.

बावीस वर्षं मी तुझी धाकटी जाऊ होते. दादांच्या धाकट्या भावाशी, सुहासशी, लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्या आठवड्यात मी तुला "तुम्ही" म्हणाले, तर तू लाटणं खाली ठेवून म्हणालीस, "तुम्ही म्हणायला मी काय इन्स्पेक्टर आहे? तू म्हण." भटवाडीतल्या अर्ध्या पोरांची तू बालवाडीची बाई होतीस, त्यामुळे तुझ्या आज्ञेचा सूर असा होता की, पुढे मला "तुम्ही" जमलंच नाही. लग्नाच्या गडबडीत मी लॅबचा कोर्स अर्धवट सोडला होता. तो पुरा करायला तूच मला पाठवलंस. सई झाली, तर ती सहा महिन्यांची असल्यापासून तुझ्या बालवाडीच्या कोपऱ्यात दुपट्यावर पडून बाराखडी ऐकायची. मी नोकरीला लागले, टिकले, तंत्रज्ञ म्हणून नाव झालं, ते सगळं तुझ्या जिवावर. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "बरं, आता चहा टाक."

आता मशेरीचं बोलू. तेच राहिलंय.

तू या घरात आलीस तेव्हा आपल्या सासूबाई रोज सकाळी तव्यावर तंबाखू भाजायच्या, कुटून मशेरी करायच्या आणि दातांना लावून तासभर उंबऱ्यात बसायच्या. अख्खी चाळ त्या धुरानं खोकायची. मग त्याच तव्यावर भाकरी. तू आठ दिवसांची नवरी. नवव्या दिवशी तू तो तवा उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवलास आणि म्हणालीस, "आई, ह्यो तवो तुमचो. भाकरेसाठी मी दुसरो हाडलंय." सासूबाई महिनाभर तुझ्याशी बोलल्या नाहीत. वर तुझ्या दातांना ती चिमूटभर लावायचा त्यांनी किती प्रयत्न केला, दाढ दुखली तेव्हा, सई पोटात असताना माझ्याही दातांना, आणि तू मधे कशी उभी राहिलीस. ही गोष्ट तू दर गणपतीत स्वयंपाकघरात मला सांगायचीस. मी ती किमान वीस वेळा ऐकली आहे. सासूबाईंच्या आवाजाच्या नकलेसकट.

म्हणजे मला माहीत होतं. हेच तर आहे. मला पक्कं माहीत होतं.

गाठ वाढली तेव्हा शेवटी आमच्याच हॉस्पिटलात डॉक्टरांनी तुझ्या जिभेच्या मुळाशी दुर्बीण घालून छोटासा तुकडा काढला. बाटली आणि फॉर्म घेऊन मीच खाली लॅबमध्ये गेले. काउंटरवरच्या मैत्रिणीनं फॉर्म बघितला आणि म्हणाली, "रेश्मा, सवयींचा रकाना रिकामा आहे. वर परत पाठवू?" तंबाखू, सुपारी, मशेरी, दारू, काय असेल ते त्या रकान्यात लिहायचं असतं, आणि तो रिकामा असेल तर आम्ही नमुना घेत नाही. आमचा नियमच आहे तो, आणि तो पाळला जावा म्हणून सगळ्यात जास्त आरडाओरडा मीच करायचे.

तू माझ्यामागून येऊन दहा पावलांवर बाकावर बसली होतीस. तोंडाला रुमाल. मला एवढंच करायचं होतं की तुझ्यापर्यंत यायचं आणि विचारायचं, वयनी, तू कधी मशेरी लावलीस का? पण ते विचारलं असतं की लगेच तू विचारलं असतंस, का गो? आणि मग मला तो शब्द तोंडातून काढावा लागला असता. मला तो काढायचा नव्हता. म्हणून मी पेन घेतलं आणि रकान्यात लिहिलं: मशेरी, बरीच वर्षं.

"बरीच वर्षं" कुठून आलं? सवयीतून. तोंडाचा, घशाचा तुकडा आला, बाई कोकणातली, वय अठ्ठावन्न, म्हणजे मशेरी. हजारो फॉर्म बघून माझ्या हाताला वाटत होतं की, त्याला डोक्यापेक्षा जास्त कळतं. आणि नुसतं "मशेरी" लिहिलं तर अर्धवट दिसलं असतं ना! माझी कामातली टापटीप बघ.

पुढचं तुला माहीत आहे. रिपोर्ट आला, कॅन्सर आहे. फाईल घेऊन आपण तिघं, तू, दादा आणि मी, कॅन्सरच्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण माणूस, पण घाई नसलेला. त्यांनी विचारलं, "तंबाखू, मशेरी काही?" तू म्हणालीस, "आयुष्यात नाही." त्यांनी फाईल उलटली. "इथे तर लिहिलंय, मशेरी, बरीच वर्षं."

तू आधी फाईलकडे बघितलंस, मग माझ्याकडे. माझं अक्षर तू ओळखतेस. पोरांना अक्षरं गिरवायला लावणाऱ्या बाईलाच नाही ओळखता येणार तर कोणाला?

"तू माका इचारलंस काय?" एवढंच म्हणालीस. मालवणी तू रागावलीस तरच बोलायचीस. मी काही बोलले नाही. मी खरंच काही बोलले नाही, वयनी, त्या खोलीत नाही, रिक्षात नाही, घरी आल्यावर नाही. नंतर हॉस्पिटलच्या नोंदीत दुरुस्ती केली, रीतसर अर्ज देऊन. पण तुला तोंडानं "चुकलं" असं म्हटलं नाही. आता लिहितेय, ते वाचायला तू नाहीस.

डॉक्टरांनी मात्र ते मनावर घेतलं. "कधीच नाही म्हणताय आणि गाठ जिभेच्या मुळाशी. मग आपण विषाणूची तपासणी करून बघू," म्हणाले. तोच तुकडा, आमच्याच लॅबमध्ये, वेगळ्या रंगानं रंगवायचा. त्यानंतर खात्रीची आणखी एक तपासणी बाहेर पाठवली. दोन्हींचं उत्तर एकच आलं. एचपीव्ही.

डॉक्टरांनी तेव्हा जे सांगितलं ते मी तुला नंतर चार वेळा समजावून सांगितलं, खरं म्हणजे स्वतःलाच समजावलं. आपल्याकडे गालातला, हिरडीचा कॅन्सर बहुतेक तंबाखू-सुपारीचाच. तिथे या विषाणूचा हात फारसा दिसत नाही. पण जिभेच्या मुळाशी आणि टॉन्सिलमध्ये, जिथे आरशात बघून काही दिसत नाही, तिथल्या खाचांमध्ये हा विषाणू जाऊन बसू शकतो. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर करणारा तोच. शरीराच्या जवळिकीतून पसरतो, तोंडावाटेही जातो. बहुतेक माणसांना कधी ना कधी होतो, ना ताप ना खोकला, आणि बहुतेकांचं शरीर त्याला गुपचूप घालवूनही देतं. काही थोड्यांच्या बाबतीत तो राहून जातो. वीस वर्षं, तीस वर्षं. मग एके दिवशी गाठ. "कोणाकडून आला, कधी आला, हे जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकणार नाही," ते दादांकडे बघून म्हणाले. "आणि शोधूही नका. यात कोणाचं चारित्र्य नाही."

दादा खुर्चीत सरळ बसून होते. चाळीस वर्षं फिटर म्हणून काम केलेला माणूस, बिघाड कुठून सुरू झाला ते शोधून काढायचं एवढंच त्यांना येतं. घरी येताना ते एक शब्द बोलले नाहीत. त्या रात्री आणि पुढचे कितीतरी दिवस नाहीत. तुझा चहा करायचे, कप तुझ्या हातात द्यायचे, आणि बघायचे भलतीकडेच. मला वाटलं ते तुझ्यावर संशय घेतायत, आणि मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घातल्या. त्यांना वाटत होतं, आपल्याकडूनच तुला आला. आपणच तुला मारलं. हे तुझ्याशिवाय कोणाच्या लक्षातही आलं नाही.

तू त्यांची समजूत काढलीस त्या दिवशी मी होते. तू बालवाडीतली निळ्या खडूची पूड बाटलीतून काढलीस. मला तो खेळ माहीत होता, सईही खेळलीय. एका मुलाच्या तळव्याला पूड लावायची आणि सगळ्यांनी एकमेकांशी हात मिळवायचे. खेळ संपला की सगळे हात निळे. मग तू पोरांना विचारायचीस, "तुला कोणी लावली सांग बरं?" आणि वीस पोरं वीस जणांकडे बोट दाखवायची. हात धुवायची सवय लागावी म्हणून खेळ. तू दादांचा हात ओढलास, त्यावर पूड चोळलीस, मग तो हात स्वतःच्या गालावर लावलास, मग माझा हात घेऊन त्यावर, मग माझा हात परत दादांच्या हातावर.

"आता सांगा," म्हणालीस, "कोणी कोणाला लावली?"

दादांनी आपल्या निळ्या हाताकडे बघितलं. मग रडले. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा रडताना पाहिलं, आणि तू त्यांना दटावत होतीस, "डोळ्याला हात लावू नका, खडू जाईल."

त्यानंतर तू माझ्या मागे लागलीस. "माझा तो जंतू मला बघायचाय." मी म्हटलं, अगं, तो इतका लहान की आमच्या सूक्ष्मदर्शकातही दिसत नाही. त्यानं पेशीत काय केलं तेवढं दिसतं. "मग ते दाखव." आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, पेशंटला असं कोणी दाखवत नाही, पण त्यांना हवंय तर आणा शनिवारी दुपारी, काम संपल्यावर.

तू इस्त्रीची साडी नेसून आलीस. जणू कोणाच्या घरी पहिल्यांदा जायचं होतं.

तुला मी तेव्हा सांगितलं नाही, पण तो तुकडा मीच कापला होता. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला, केसापेक्षा कितीतरी पातळ काप काढायचे, ते कोमट पाण्यावर तरंगवायचे आणि काचेवर अलगद उचलून घ्यायचे. दुसऱ्या कोणाला मी हात लावू दिला नाही. एक काप दुमडला तेव्हा मी अशी हळहळले की शेजारची मुलगी म्हणाली, "यार, एवढं काय, दुसरा काढ ना!"

आधी तुला मी नेहमीचा रंग दाखवला, गुलाबी आणि जांभळा. तू म्हणालीस, "शोभेच्या कापडासारखं दिसतंय, रोग कुठाय?" मग दुसरी काच ठेवली. सगळीकडे तपकिरी. गच्च तपकिरी. कडेचं निरोगी अस्तर फिकट निळं आणि मधे पेशींचे ते तपकिरी पुंजके.

तू डोळा लावलास आणि पहिल्यांदा हसलीस. "रंग बघ मेल्याचा. मशेरीसारखा."

मी मान खाली घातली. तुझ्या ते लक्षात आलं की नाही, कोण जाणे.

"हे तपकिरी म्हणजे तो विषाणू ना?" तू विचारलंस. मॅडम म्हणाल्या, नाही. आणि त्यांनी तुला असं समजावलं की मीही काम सोडून ऐकत उभी राहिले. पेशीनं भलत्या वेळी वाढू नये म्हणून तिच्यात एक ब्रेक असतो. ब्रेकचं काम करणारं प्रथिन पेशी स्वतःच बनवते. विषाणू आत शिरतो आणि ब्रेकची पुढची जोडणी तोडून टाकतो. पेशी वाढतच सुटते. थांबायला पाहिजे म्हणून ती आणखी ब्रेक बनवते, आणखी बनवते, आणखी. ब्रेक लागतच नाही, पण ती बनवायचं सोडत नाही. आपण तपकिरी रंगवतो ते ते प्रथिन. विषाणू नाही, तो ब्रेक.

नळीला डोळा लावून इतका वेळ बसलीस की मला वाटलं चक्कर आली. मग मान वर न करता म्हणालीस, "म्हणजे हे सगळं जे दिसतंय, ते माझं शरीर ब्रेक दाबतंय?"

"हो."

"एवढं दाबलं त्यानं?"

"हो."

"आणि मला काही कळवलं नाही. मी इथे भाताचे गोळे गिळत बसले." तुझा आवाज बदलला. "बिचारं गो."

वयनी, वीस वर्षं मी तो रंग बघतेय. हा रंग चढला की रिपोर्टात "पॉझिटिव्ह" येतं, एवढंच मला माहीत होतं. पुस्तकातलं सगळं पाठ होतं, परीक्षेत त्यावर मार्कही मिळाले होते. पण त्या काचेवर एका बाईचं शरीर न थकता, कोणी न सांगता तिला वाचवायला धडपडतंय, हे मला तू दाखवलंस. बालवाडीच्या बाईनं. मी तुझ्या पाठीमागे उभी होते आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. त्यानंतर मी एकही काच रॅकमध्ये आपटून ठेवलेली नाही. हल्लीच्या मुली मला हसतात.

डॉक्टर म्हणाले होते की, विषाणूवाला कॅन्सर सहसा उपचारांना चांगली दाद देतो. आपण सगळे त्या "चांगली" ला धरून राहिलो. त्यातला "सहसा" तेवढा तुझ्या वाट्याला आला. गाठ विरघळली, आपण पेढे वाटले, आणि वर्षभरानं छातीच्या फोटोत डाग दिसले. आधी त्या रकान्यात मी काहीबाही लिहिलं नसतं तर? हे मी डॉक्टरांना तीनदा विचारलं. तीनदा त्यांनी सांगितलं, उपचार हेच असते, निकालही हाच असता. त्यावर माझा विश्वास आहे. पण मशेरीच्या त्या कागदाची झेरॉक्स घरच्या फाईलमध्ये राहिली, दादांनी ती भावकीत कोणाला तरी दाखवली, आणि गावापर्यंत बातमी पोचली की, पमाला मशेरीनं खाल्लं. सासूचा तवा वेगळा करणाऱ्या तुला.

तुझं-माझं शेवटचं भांडण त्यावरूनच. तुझा बोलताना घसा दुखायचा, म्हणून तू बालवाडीची पाटी घेतली होतीस. लिहायचीस, दाखवायचीस, ओल्या फडक्यानं पुसायचीस. तुला चाळीच्या महिला मंडळात उभं राहून सगळं सांगायचं होतं, विषाणूचं नाव घेऊन, आणि लशीचंही. मुलींना देतात, मुलांनाही द्यावी, वयात यायच्या आधी दिली तर जास्त उपयोग. सईला कधी देणार, हे तू मला दर रविवारी पाटीवर विचारायचीस. मी म्हणायचे, बघू. सुहास म्हणायचा, "बारा वर्षांची पोर, असल्या रोगाची लस तिला आत्ताच कशाला?" आणि लॅबवाली मी गप्प बसायचे, कारण मलाही तिला काय सांगून नेऊ ते सुचत नव्हतं.

मंडळाचं तू काढलंस तेव्हा मी साफ नाही म्हटलं. "दादांकडे लोक कसे बघतील, वयनी? तुझ्याकडे कसे बघतील? राहू दे ना. लोकांना जे वाटतंय ते वाटू दे."

तू पाटीवर लिहिलंस: मशेरी चालते, खरं चालत नाही?

मी चिडले. म्हटलं, तुला काय जातंय, आम्हाला याच लोकांत राहायचंय. आजारी माणसाला असं बोलतात का? मी बोलले. तू पाटी पुसलीस. माझ्याकडे बघत हळूहळू पुसलीस. आणि पुन्हा लिहिलंस:

तू लिहिलंस. तूच खोड.

मी उठून भांडी घासायला गेले. परत आले तेव्हा तू झोपली होतीस आणि पाटी कोरी होती. त्यानंतर अकरा दिवसांनी तू गेलीस. त्या अकरा दिवसांत तू ती गोष्ट पुन्हा काढली नाहीस, मला वाटलं विसरलीस. तू कधी काही विसरली होतीस?

काल जेवणं झाली, पंगत उठली. बायका आत, पुरुष बाहेर, दार उघडं. कुसुमआते गावाहून आल्या होत्या. हात पुसता पुसता त्या हळहळून म्हणाल्या, "पमा भारी गुणाची. पण तां मशेरीचा व्यसन वाईट गो. मी तर आता सोडलंय, हिच्याकडे बघून."

चांगल्या मनानं म्हणाल्या. शेजारच्या दोघीतिघींनी माना हलवल्या. मी डाळीचं पातेलं उचललं आणि मोरीकडे निघाले. खरं सांगते, वयनी, मी निघालेच होते. मनात म्हटलं, निदान त्यांची मशेरी तरी सुटली, तुझ्या नावावर का होईना, जाऊ दे. मग तुझा तो लहान तवा दिसला, खिळ्याला टांगलेला, भाकरीचा मोठा तवा बाजूला. दोन तवे. या घरात भाकरीचा तवा वेगळा का, ते या बायकांतल्या एकीलाही माहीत नव्हतं.

मी पातेलं खाली ठेवलं.

"आते, ती मशेरी लावत नव्हती. आयुष्यात कधी नाही. कागदावर ते मी लिहिलं. तिला न विचारता. चुकलं माझं."

आतेंना कळेना. "मगे कशान झाला?"

मी तोंड उघडलं आणि शब्दच येईना. लॅबमध्ये दिवसातून दहादा उच्चारते तो. बाहेरची पुरुषांची बोलणी थांबली होती. तेवढ्यात दारात दादा दिसले. ते सरळ खोलीच्या कोपऱ्यात गेले, बालवाडीच्या कपाटातून निळ्या पुडीची बाटली काढली, आतेंसमोर खाली बसले आणि म्हणाले, "हात दी गो आते."

आणि त्यांनी सांगितलं. ज्या माणसाला मी चार वाक्यं सलग बोलताना ऐकलं नाही, तो वीसेक माणसांसमोर खडूची पूड चोळत सांगत होता. विषाणूचं नाव घेतलं. कसा पसरतो ते सांगितलं, मान खाली घालून, पण सांगितलं. "माझ्याकडसून तिका इलो असात. तिच्याकडसून माका. कोणाक ठाऊक. तिना माका कधी इचारला नाय." पूड आतेंच्या हातावरून शेजारणीच्या हातावर गेली, तिच्या हातावरून आणखी कोणाच्या. कोणी हसलं नाही. कोणी हात मागे घेतला नाही. थोड्या वेळानं एका बाईनं हळूच विचारलं, "मग ह्याच्यावर काही सुई वगैरे?"

"आहे," सुहास दारातून म्हणाला. "आमच्या सईला शनिवारी घेऊन चाललोय. तुमच्या मुलाचंही विचारून घ्या ना, मुलांनाही देतात."

मला पत्ताच नव्हता. सई माझ्या खांद्याला खांदा लावून उभी होती, तिच्या हाताला निळं लागलं होतं. ती म्हणाली, "मम्मी, काकीनं मला कधीच सांगितलंय सगळं. पाटीवर. तुला वाटलं होतं मला कळत नाही."

तू सगळ्यांना सांगून मोकळी झाली होतीस. एकटी मीच राहिले होते.

मग दादांनी फाईल आणून माझ्या पुढ्यात ठेवली. वर पेन ठेवलं. ती झेरॉक्स अगदी वर होती. मशेरी, बरीच वर्षं. माझं टापटिपीचं अक्षर.

लॅबमध्ये आमच्याकडे चूक दुरुस्त करायची एक रीत आहे, तुला मी ती एकदा सांगितली होती. खोडरबर नाही, पांढरी शाई नाही, गिरगटून टाकायचं नाही. चुकीच्या शब्दांवरून एकच आडवी रेघ ओढायची, म्हणजे आधी काय लिहिलं होतं ते पुढच्या माणसाला वाचता आलं पाहिजे. बाजूला बरोबर काय ते लिहायचं, आणि ज्यानं चूक केली त्यानंच सही करायची.

माझ्या हाताला खडू लागला होता, कागदावर त्याचं निळं बोट उमटलं. मी रेघ ओढली. बाजूला लिहिलं, कधीही नाही. खाली सही केली, तारीख घातली. जुने शब्द अजून वाचता येतात, वयनी. ते तसेच राहायला हवेत.